आओगो

देवळीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, माळावर एक कुष्ठधाम होतं. तिथल्या चपलांच्या कारखान्याची सगळी जबाबदारी ज्यूलियाबाईवर होती. बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून ती मऊ रबराच्या चपला बनवायची, प्रत्येकाच्या पायाचं माप घेऊन, खाली बसून. ती स्पेनहून आलेली होती. पण स्पेन कुठे आहे हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तिला इंग्रजीणबाईच समजत. तिच्या मराठीत निम्मी हिंदी असायची. दारात कोणी उभं राहिलं की हातातलं काम न सोडता ती म्हणायची, "आओ, आओ, बसा."

१९७८ सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी रबर कापता कापता ती स्टुलावरून कोसळली. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं. कुष्ठधामाच्याच वॉर्डात शुद्ध आली तेव्हा ती बोलू लागली, पण काय बोलते ते कोणालाच कळेना. मराठी गेली होती, हिंदी गेली होती, डॉक्टरांशी बोलायची ते इंग्रजीही गेलं होतं.

डॉक्टर प्रभाकरराव आठवड्यातून दोनदा वर्ध्याहून येत. त्यांनी तपासून नलूला सांगितलं, "मेंदूतली रक्तवाहिनी बंद झालीय. अशा वेळी शब्द विस्कटतात. अर्थ शोधत बसू नका, त्रास होईल."

नलू थूल देवळीचीच. नर्सिंगचा कोर्स करून तिला इथे लागून वर्षही झालं नव्हतं. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. विस्कटलेलं बोलणं दर वेळी वेगळं असतं. ही बाई तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बाईचं खाणंपिणं आनंदाबाईने आपल्याकडे घेतलं होतं. आनंदाबाई वीस वर्षांपूर्वी रोगी म्हणून इथे आली आणि बरी होऊनही इथेच राहिली, कारण गावाने परत घेतलं नव्हतं. तिच्या दोन्ही हातांची बोटं झिजून पेराएवढी उरली होती. चमचा धरता यावा म्हणून ज्यूलियाबाईनेच तिला चामड्याचा एक पट्टा करून दिला होता, तळहाताभोवती बांधायचा. त्याच पट्ट्यात चमचा अडकवून ती आता बाईला भाताची पातळ पेज भरवायची. बाई उशीवर पडलेली, आनंदाबाई खाटेच्या कडेवर बसलेली. दोन चमचे गेले की बाई डोळे मोठे करून म्हणायची, "मे आओगो. आओगो."

"आली व बाई, आली," असं म्हणत आनंदाबाई आणखी जवळ सरकायची आणि पुढचा चमचा द्यायची. मग नलूकडे वळून सांगायची, "पाहा नर्सबाई, सारं इसरली, पण मले बोलावणं नाई इसरली. आओ गो म्हणते."

आनंदाबाईचा नवरा रूपराव कारखान्यात होता. दुपारी येऊन तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा. बाईचा दुसरा शब्द त्याच्या कानावर पडला होता. ती डाव्या हाताने अंथरुणावर थापटून म्हणायची, "सिया. सिया."

"सियारामाचं नाव घेऊन राह्यली," रूपराव हळूच म्हणाला. "जवळ आलं वाटते आता."

बाईच्या खोलीत फळीवर एक जाड शब्दकोश होता, स्पॅनिशमधून इंग्रजीत. नलूने तो एका दुपारी वॉर्डात आणला. तिचं इंग्रजी कोर्सपुरतं होतं, पण शब्द हुडकता येत होते. बाई सकाळपासून "मान्ता, मान्ता" करत होती. एम उघडून नलूने बोट फिरवलं आणि तिला तो शब्द सापडला. मान्ता म्हणजे ब्लँकेट. नलूने कपाटातून ब्लँकेट काढून बाईच्या अंगावर घातलं. बाई गप्प झाली. तिने डोळे मिटले आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

म्हणजे बाई बरळत नव्हती. तिच्या बोलण्याला अर्थ होता.

नलूने मग "आओगो" शोधला. ए-ओने सुरू होणारे शब्द थोडेच होते, त्यात तो नव्हता. "सिया" एस-आय-वायमध्ये पाहिला, तिथेही काही नव्हतं. तिने आय बदलून ई करून पाहिला, वाय काढून पाहिला. शेवटी तिला वाटलं, मान्ता योगायोगानेच सापडला असेल. डॉक्टरांचंच खरं असेल.

त्याच आठवड्यात बाईला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. जेवणानंतर ती खोकायची, पण खोकल्यात जोर नव्हता. नलू टेंपरेचर लिहून ठेवत होती आणि ताप रोज थोडा वर सरकत होता. आनंदाबाईला वाटलं, अशक्तपणामुळेच हे होतंय. तिने पेजेचा वाटा वाढवला.

रविवारी वॉर्डात फारसं काम नव्हतं. नलूने शब्दकोश पुन्हा हातात घेतला आणि या वेळी पहिल्या पानापासून वाचायला लागली. एरवी कोणी उघडत नाही अशी ती पानं होती. उच्चार कसे करायचे, एवढंच त्यात होतं. स्वर तिला सोपे वाटले. मराठीसारखेच, एका अक्षराचा एकच आवाज, इंग्रजीसारखी दगाबाजी नाही. पुढे मात्र अक्षरं वेगळं वागत होती. व्हीचा उच्चार ब. जे म्हणजे ज नव्हे, घशातून खरवडून काढलेला ख. दोन एल शेजारी आले की य. आणि एच लिहायचा, पण बोलायचा कधीच नाही.

नलूने बाईचं नाव मनात जुळवलं. पहिलं अक्षर जे. ती खाटेजवळ गेली, वाकली आणि म्हणाली, "खुलिया."

बाईने मान वळवली. आजारी पडल्यापासून तिने कोणाकडे असं रोखून पाहिलं नव्हतं. तिच्या ओठाची चांगली बाजू थरथरली. इतकी वर्षं सगळ्यांनी तिला भलत्याच नावाने हाक मारली होती आणि तिने कधी कोणाला टोकलं नव्हतं.

नलूने घाईने पानं उलटली. सियामधल्या यच्या जागी दोन एल घातले. सिया म्हणजे खुर्ची. बाई रामाचं नाव घेत नव्हती, तिला उठून बसायचं होतं. मग आओगो. आ आणि ओच्या मध्ये न बोलायचा एच असेल तर? ए, एच, ओ. शब्द त्या पानाच्या मधोमध होता. समोर इंग्रजीत दिलेला अर्थ नलूने दोनदा वाचला. श्वास कोंडणं. गुदमरणं.

मी गुदमरतेय. प्रत्येक जेवणाला, दुसऱ्या-तिसऱ्या चमच्यानंतर, बाई हेच सांगत होती.

बाई झोपलीय असं सांगून नलूने त्या रात्रीची पेज परत पाठवली. सोमवारी सकाळीच डॉक्टर आले. नलूने त्यांच्यापुढे शब्दकोश उघडा ठेवला. त्यांनी वाचलं, मग बराच वेळ बाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया आहे," ते म्हणाले. "गिळण्याचे स्नायू लुळे पडलेत. पेज श्वासनळीत जातेय. हे मीच पाहायला हवं होतं." त्यांनी पेनिसिलिन सुरू केलं, नाकातून नळी घातली, पाठीमागे लाकडी टेकू लावून बाईला बसतं केलं. "तोंडाने थेंबसुद्धा नाही. जी बाई भरवते तिला सांगा."

दुपारी आनंदाबाई झाकण घातलेला पेजेचा गंज घेऊन आली. नलू दारातच आडवी उभी राहिली.

"मावशी, आजपासून बाईले तोंडानं काई द्यायचं नाई. डॉक्टरांनी मना केलं."

आनंदाबाईने आत पाहिलं. नळी पाहिली, मग नलूकडे पाहिलं. "काऊन?"

"नळीनं जाईन आता. मी देईन."

"तू देशीन." आनंदाबाईने गंज खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. "सांग न सरळ. माह्या हातानं ताप आला म्हणते डॉक्टर, होय ना? मी बरी होऊन किती वर्षं झाली त्याले म्हाईत हाये. त्याच्यासमोर कागद हाये माहा."

"तसं नाई मावशी."

"मंग कसं हाये?"

खरं सांगितलं तर आनंदाबाईला काय वाटेल हे नलूला दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर ती तेच समजून घरी जाणार होती, जे तिच्या गावाने तिला समजावलं होतं. नलूने तिला बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसली.

"बाई आओ गो नव्हती म्हणत," ती म्हणाली. "तिच्या भाषेत तो एकच शब्द हाये. त्याचा अर्थ, माहा जीव गुदमरून राह्यला. तिले गिळता येत नाई. पेज छातीत जात होती. तुमाले म्हाईत नव्हतं. मले नव्हतं, डॉक्टरले बी नव्हतं."

आनंदाबाईने आतल्या नळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने विचारलं, "दर टायमाले?"

नलू म्हणाली, "हो."

आनंदाबाई उठली. गंज तिथेच राहिला.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. रूपराव येऊन बाईची विचारपूस करून जायचा आणि बायकोबद्दल विचारलं की नुसती मान हलवायचा. शेवटी नलू त्यांच्या खोलीवर गेली. आनंदाबाई चुलीपुढे बसली होती. चूल विझलेली होती.

"ताप उतरला बाईचा," नलू म्हणाली. "तुमी येजा."

"तू नसतं सांगतलं त?"

"त तुमाले वाटलं असतं का तुमच्या हातामुळं मना केलं."

"तेच वाटलं असतं त बरं होतं," आनंदाबाई म्हणाली. "त्याची सवय होती मले."

नलू तशीच ड्यूटीवर परतली.

डिसेंबरात डॉक्टरांनी नळी काढली. आता घट्ट काही थोडं थोडं देऊन पाहा म्हणाले, बसवून, अगदी सावकाश. नलूने रूपरावाबरोबर निरोप धाडला. आनंदाबाई आली, पण चमच्याला हात लावायला तिने नकार दिला. नलूने खूप सांगितलं, तरी नाही. मग नलूच कुस्करलेलं केळं भरवू लागली आणि आनंदाबाई समोर स्टूल घेऊन बसली. तिची नजर बाईच्या गळ्यावरून हलत नव्हती. नलूने पहिला चमचा दिला. आनंदाबाई गळा वर-खाली होण्याची वाट पाहत राहिली. तो हलला तेव्हा म्हणाली, "गेलं." दुसऱ्या चमच्याला गळा हलला नाही.

"थांब," आनंदाबाई म्हणाली.

नलू थांबली. बाई त्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. काही क्षणांनी गळा हलला.

बाई त्यानंतर दहा महिने जगली. मराठी तिला परत आली नाही. त्या काळात नलू बरेच शब्द शिकली, आनंदाबाई थोडे. चमचा मात्र आनंदाबाईने शेवटपर्यंत धरला नाही. रोज दोन्ही जेवणांना ती समोर येऊन बसायची, आणि "गेलं" असं ती म्हणेपर्यंत नलू पुढचा घास द्यायची नाही.