तीन ठोके गिळणारा गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. सध्या मी जिन्याखाली गुंडाळून उभा असतो, त्यामुळे माझ्या पोटात काय आहे ते कुणाला दिसत नाही. म्हणून आपणच सांगून टाकतो.

माझा जन्म एका गिरणीत झाला. लोकर जाड, वीण घट्ट आणि रंग असा की चहा सांडला तरी कळू नये. आमच्या गिरणीत गालिच्यांची परीक्षा घेत. माणसाच्या उंचीवरून लोखंडी गोळा टाकायचा आणि खालच्या खोलीत एका माणसाने कान देऊन बसायचे. बाकीचे गालिचे 'धप्' म्हणाले. मी काहीच म्हणालो नाही. परीक्षक घाबरून वर आले, म्हणाले, "मेला की काय हा?" आणि त्यांनी मला पहिला नंबर दिला. काहीही न केल्याबद्दल बक्षीस मिळालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

पुढे मी एका दुमजली घरात आलो. खालच्या मजल्यावर घड्याळजी राहत. वय छप्पन्न, मिशा भरघोस, आणि तरीही त्यांची थोरली बहीण त्यांना 'पिंट्या' म्हणत असे. ही ताई वरच्या मजल्यावर राहत असे. ती शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाली होती; म्हणजे शाळेतून निवृत्त झाली होती, कवायतीतून नाही. रोज सकाळी कडक बूट घालून ती खोलीत तीनशे फेऱ्या मारी. मग जागच्या जागी उड्या. मग लोखंडी ट्रंक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढायची, आणि ती तिथे बरी दिसत नाही म्हणून परत आणायची.

खाली घड्याळजी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत. एकदा ताईने वर उडी मारली, खाली स्प्रिंग उडाली आणि थेट चहात पडली. घड्याळजींनी तो चहा पिऊन टाकला. गिऱ्हाईक आले तेव्हा त्यांनी सांगितले, "काम चालू आहे. आत गेलंय."

त्या दिवशी ते तणतणत वर गेले. "ताई, तू चालतेस की घर पाडतेस?"

"मी चालते. घर आपलं आपण पडत असेल तर तुझं तू बघ."

"माझं बोट हललं की घड्याळ गेलं, कळतंय का तुला?"

"लहानपणी तुला झोपवायला मीच थोपटत होते रे पिंट्या. तेव्हा नाही हललं काही!"

पण ताई मनाने मोठी. ती म्हणाली, "घाल बाबा माझ्या जमिनीवर, काय घालायचं ते."

आणि मला आणले. माझ्याखाली फोमचा जाड थर घातला. मला भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरले. खुर्चीच्या पायांना रबराची बुचे बसवली. ताईची शाळेपासूनची एक काठी होती, कवायतीचा ठेका धरायची. घड्याळजींनी तिच्याही टोकाला बूच बसवले.

"एक उरलं असेल तर माझ्या तोंडालाही बसव," ताई म्हणाली.

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, पण माझा आवाज होत नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. या भावंडांचा एक रिवाज होता. आईवडील गेल्यापासून रोज सकाळी सात वाजता ताई काठीने जमिनीवर तीन ठोके देई. म्हणजे, 'आहेस ना रे?' खालून घड्याळजी पडदा सरकवायच्या दांड्याने छताला दोन ठोके देत. म्हणजे, 'आहे गं.' आधी थोरलीने ठोकायचे, मग धाकट्याने. घड्याळजींची बायको, म्हणजे आमची वहिनी, दवाखान्यात परिचारिका. ती सहालाच कामावर जाई. त्यामुळे हे ठोके या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हते. तोंडाने मात्र दोघे जन्मात कधी 'कशी आहेस' म्हणाले नसतील.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ताईने तीन ठोके दिले. मी तिन्ही गिळले. परीक्षेत गिळले होते तसेच, अगदी सफाईने. ताई थांबली. पुन्हा तीन दिले. तेही गिळले. मला वाटले, ही माझी पाठ थोपटते आहे.

खाली घड्याळजी दांडा हातात घेऊन छताकडे बघत उभे होते. वरून काहीच येईना. गालिचा घातल्याचा ताईला राग आला, असे त्यांनी ठरवले. वर ताईने ठरवले की पिंट्या अजून त्या स्प्रिंगेवरून फुगून बसला आहे. वहिनी दोघांना विचारी, "काय बिनसलंय तुमचं?" दोघेही म्हणत, "मला काय होतंय? तिकडेच विचार." रागाच्या बाबतीत मात्र दोघे अगदी सख्खे.

चौथ्या दिवशी घड्याळजींनी रिवाज मोडून खालून आपणहून ठोकले. फोम मध्ये होता. मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. मित्रांनो, त्या गुदगुल्या मी वर पोचवायला हव्या होत्या. पण मला कुणी पोचवायला शिकवलेच नव्हते.

असे सात आठवडे गेले. ताई रोज ठोके देई, एकाच जागी, पलंगाच्या उशाशी. मग तिच्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला, "माझ्याकडे ये राहायला." ताईने ट्रंक भरली. घड्याळजी ती उचलायला वर आले.

"निघालीस?"

"निघाले. तुला आता शांतता."

त्यांच्या मिशा हलल्या, पण शब्द बाहेर आला नाही. मला वाटले, यांनाही बूच बसवले की काय कुणी?

महिन्याभराने घड्याळजी मला झाडायला वर आले. उशाशी त्यांचे बोट एका खळग्यात गेले. रुपयाएवढा गोल खळगा, लोकर पार झिजून खालचा फोम दिसणारा. ते तिथेच बसले. मग त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्यावर ठेवला.

"ताई, तू ठोकत होतीस?"

"रोज."

"मला ऐकू नाही गं आलं. आईशप्पथ."

"मग वर यायचं होतंस. चौदा पायऱ्या तर आहेत."

"तू का नाही आलीस खाली?"

"माझा गुडघा दुखत होता."

"तीनशे फेऱ्या मारणाऱ्या बाईचा?"

"बरं. नव्हता दुखत."

"परत ये ना."

"आता इथल्या शाळेनं मला कवायतीला ठेवलंय रे. पोरांना लळा लागलाय. महिन्यापूर्वी म्हणाला असतास तर ट्रंक तिथंच उघडली असती मी. येत जाईन अधूनमधून."

त्या दिवशी त्यांनी मला गुंडाळले. वर कुणी नाही, म्हणजे आवाज नाही, म्हणजे मी बेकार. घर इतके शांत झाले आहे की परवा घड्याळजींनी दुरुस्त झालेल्या अकरा घड्याळांना उगीचच एकदम जेवणाच्या वेळेचा गजर लावून ठेवला. सगळी वाजली, तरी ते जेवले नाहीत.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका, एवढीच आम्हा गालिच्यांची मागणी असते. पण मी आणखी एक मागतो. घरातले कुणी उत्तर देईनासे झाले, तर आधी उठून त्याच्या दारात जा आणि त्याचे तोंड बघून या. रागवायचेच असेल तर नंतर रागवा. राग कुठे पळून जात नाही. माणूस जातो.