शुक्रवारची वेणीवाली

टेलरबाईचा नवरा आधी विम्याचा एजंट होता. लोकांना मरणाची भीती घालायची आणि विमा विकायचा, हा धंदा. तो काही चालेना. ओळखीची माणसं त्याला लांबून पाहूनच रस्ता बदलायची. मग एके वर्षी त्याने विमा सोडला आणि भीती तेवढी ठेवली. शहराच्या जुन्या भागात रात्रीची फेरी सुरू केली. फाशीचा चौक, साथीत गेलेल्यांना एकत्र पुरलं ते मैदान, जुनं पंपघर, शेवटी बंद पडलेलं इस्पितळ. हातात कंदील, अंगात लांब काळा कोट, आणि सांगणं असं की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायलाही त्याची परवानगी मागावी. जी माणसं त्याला टाळायची तीच आता आधी नाव नोंदवून त्याच्या मागे मागे फिरू लागली. पोरं त्याला भूतमामा म्हणायची. हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणायला लागली.

तो काळा कोट टेलरबाईनेच शिवलेला. बाजाराच्या मागच्या रस्त्याला तिचं छोटं दुकान होतं, कपडे सैल-घट्ट करायचं, चेन बसवायचं. शनिवारी मात्र ती दुकान लवकर बंद करायची आणि पंपघराच्या भिंतीआड बुडालेली नवरी होऊन उभी राहायची. संसार म्हटला की नवऱ्याच्या धंद्याला हातभार लावावाच लागतो. कुणाची बायको गल्ल्यावर बसते, टेलरबाई भूत व्हायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून पँटींना टाचण्या लावणाऱ्या बाईला, नुसतं समोर येऊन उभं राहिल्यावर वीस माणसं किंचाळतात, हे काय कमी सुख आहे?

एका शनिवारी ती अशीच ओल्या पांढऱ्या झग्यात इशाऱ्याची वाट बघत होती. नवरा पुढे बोलत होता. दोन बायका मागे रेंगाळत भिंतीपाशी येऊन थांबल्या. एकीच्या बुटात खडा गेला होता.

"ही ठीक आहे गं," बूट झटकत ती म्हणाली, "पण खरी मजा शुक्रवारच्या फेरीला. माझी जाऊ जाऊन आली. त्यात ती वेणीवाली असते."

"कोण वेणीवाली?"

"इस्पितळाच्या शवागारात कामाला होती म्हणे. मेलेल्या बायकांना आंघोळ घालायची आणि मग बसून त्यांच्या वेण्या घालायची. एकटी. आतून कडी लावून."

टेलरबाईच्या अंगावरचा झगा एकदम गार पडला. नवऱ्याने इशाऱ्याचं वाक्य म्हटलं. ती हलली नाही. त्याने ते पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, तेव्हा ती बाहेर आली. त्या रात्री लोक नेहमीपेक्षा जास्त किंचाळले. तिचा चेहराच तसा झाला होता.

कारण शवागारात वेण्या घालणारी ती बाई म्हणजे तिची आई.

आई त्या इस्पितळात बायकांची प्रेतं धुवायच्या कामावर होती. काम करून घेणाऱ्यांना तिची गरज होती, शेजारपाजाऱ्यांना किळस. घरी कुणी येत नसे. शाळेत थोरल्या भावाच्या, दादाच्या, बाकावर कुणी बसत नसे, "तुझ्या आईचे हात धुतलेत का रे?" हा तर रोजचाच विनोद. पण आई कामाला चुकार नव्हती. धुवून झालं की काम संपलं असं बाकीच्यांचं म्हणणं. आईचं तसं नव्हतं. ती त्या बाईचे केस पुसायची, विंचरायची, गुंता काढायची आणि घट्ट वेणी घालायची. "मुलंबाळं शेवटचं बघणार तिला," ती म्हणायची, "अशी झिंज्या सोडलेली कशी पाठवू?" कडी लावायची ती एवढ्यासाठी, की कुणीही डोकावू नये. बाई उघडी असते.

हे टेलरबाईने आजवर एकाच माणसाला सांगितलं होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगाच्या कडेला बसून होती. दोन दिवस डोक्याला फणी लागली नव्हती. नवरा मागे बसला आणि त्याच्या अडाणी हातांनी तिचे केस विंचरू लागला. तेव्हा ती बोलली. सगळं बोलली. आईची स्वतःची शेवटची वेणी आपण कशी घातली तेही सांगितलं. ऐकता ऐकता तो रडला होता. ढसाढसा.

त्या शनिवारी घरी परतल्यावर तिने विचारलं, "अहो, शुक्रवारी काही नवीन सुरू केलंत का?"

"अगं, असंच थोडं इकडचं तिकडचं," तो बूट काढत म्हणाला. "तेच तेच सांगून माझीच जीभ आंबली. तुला शुक्रवारी दुकान असतं, नाहीतर बोलावलं असतं."

त्याने वर पाहिलं असतं तर कदाचित तिने तिथेच सगळं विचारलं असतं. पण तो बुटांच्या नाड्यांशीच खेळत बसला.

पुढच्या शुक्रवारी तिने जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा कपडा अंगात घातला. उंची कमी करायला आलेला राखाडी ओव्हरकोट. टोपी कानांपर्यंत ओढली, गळपट्टा नाकापर्यंत घेतला आणि घोळक्याच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. फाशीचा चौक झाला, मैदान झालं. या गोष्टी तिच्या पाठ होत्या. कुठे तो आवाज खाली आणेल, कुठे कंदील झाकेल, तिला सगळं ठाऊक होतं. आणि तरी इस्पितळाच्या मागच्या दारापाशी पोचेपर्यंत तिला वाटत होतं, असेल काहीतरी वेगळंच. शवागारं सगळीकडे असतात. बायका सगळीकडे मरतात.

"मंडळी," नवरा म्हणाला, "या दारामागे एक बाई काम करायची. आंघोळ घालणारी. पण तिला हवे होते ते केस."

मग त्याने सांगितलं. दिवसा ती कशी गरीब गाय दिसायची. रात्री कडी लावून कशी वेणी घालायची आणि घातलेली वेणी मुळापासून कशी कापून न्यायची. टोप करणाऱ्यांना कशी विकायची. मेलेल्या बायका आपले केस मागत तिच्या दारी कशा यायच्या. आणि एका सकाळी ती आपल्याच अंथरुणात कशी सापडली, गळ्याभोवती वेणी आवळलेली, अन् ती वेणी तिची नव्हे.

"हे बघा," तो म्हणाला आणि खिशातून काहीतरी काढून पुढच्याच्या हातात दिलं. "हातोहात फिरवा. तिची फणी."

फणी फिरत फिरत मागे आली. शिंगाची, पिवळट, एका टोकाचे दोन दात तुटलेले. टेलरबाईने ती अंगठ्याने चाचपली. आईचीच. पण ही फणी टेलरबाईच्या घरात कधीच नव्हती. आई गेल्यावर शिवणयंत्र तिच्याकडे आलं आणि आईची ट्रंक दादाकडे. फणी ट्रंकेत होती.

तिला अजून नीट उमजलंही नव्हतं, तोच नवरा म्हणाला, "पुराव्याशिवाय मी बोलत नाही. तिला डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज आपल्यात आहे." आणि दाराच्या सावलीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. खांद्यावर जुना घोंगडीसारखा कोट, आवाज खरखरीत.

"मी वॉर्डबॉय होतो इथं," तो म्हणाला. "मी पाहिलंय तिला. पिशवी भरून न्यायची."

काठी खोटी होती, खोकला खोटा होता, पण माणूस तिचा सख्खा भाऊ होता. पेशाने प्लंबर, कंबर धडधाकट, त्याच आईच्या कष्टावर वाढलेला.

टेलरबाईने गळपट्टा खाली ओढला आणि घोळक्यातून वाट काढत पुढे आली.

"ती माझी आई आहे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. "खोटं बोलताय तुम्ही. तिने कुणाचा केस घेतला नाही. ती नीट करून पाठवायची त्यांना, नीट करून! माझ्या हातात गेली ती, आजारपणाने. दादा, बोल ना. सांग ना यांना!"

दादा जमिनीकडे बघत राहिला.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिला भीती दिसली, खरीखुरी. आता तो कंदील खाली ठेवील, असं तिला वाटलं. तेवढ्यात घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "बाप रे, काय जबरदस्त!" आणि टाळ्या सुरू झाल्या.

नवऱ्याची भीती तिच्या डोळ्यांदेखत विरघळली. त्याने कंदील उंच धरला, तिच्या तोंडासमोर.

"मंडळी," तो हळू आवाजात म्हणाला, "हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिची मुलगी अजून याच शहरात राहते."

टाळ्या वाढल्या. "अहो, मी खरंच सांगतेय," टेलरबाई म्हणाली, आणि लोक आनंदाने शहारले. एक मुलगी पुढे आली, तिच्या बाहीला बोट लावून पाहिलं आणि खिदळत आईला बिलगली. दोघातिघांनी फोन वर धरले. ती जितकं बोलायची तितकं ते नाटक चांगलं होत होतं. मग ती बोलायची थांबली. हातातली फणी घट्ट धरून ती तिथून निघाली. कोपऱ्यापर्यंत टाळ्या तिच्या मागे येत राहिल्या.

नवरा घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात दिवा लावून बसली होती.

"चुकलं माझं," तो दारातूनच म्हणाला. "आधी सांगायला हवं होतं तुला. कबूल." मग राहवेना म्हणून पुढे बोललाच, "पण काय रंगवलंस गं तू! लोक हलेनात तिथून. असं शिकवून येत नाही."

"मी रंगवत नव्हते. मी ओरडत होते."

"तेच म्हणतोय मी!"

"त्या दुपारी तू रडला होतास," ती म्हणाली. "ते पण शिकलेलं होतं का?"

तो चपापला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने कधी त्याला अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. "तू?" तो म्हणाला. "मला 'तू' म्हणतेस?" आणि त्याचा चेहरा असा पडला, जणू त्या रात्री घरात झालेला अन्याय तेवढाच.

"रडलो ते खरंच रडलो होतो," तो म्हणाला. "आईशपथ. पण एका शुक्रवारी इस्पितळापाशी गोष्ट संपली आणि लोक तसेच उभे राहिले, आणखी काहीतरी हवं असल्यासारखे. माझ्याकडे काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं."

"आणि केस कापून विकल्याचं?"

"अगं, नुसती माया कोण ऐकणार? मायेला कोण घाबरतं?"

तिने कपडे एका पिशवीत भरले आणि उजाडल्यावर दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेली.

दादा दोन दिवसांनी आला. दुकानात गिऱ्हाईक नसेल अशी वेळ साधून, हातात टोपी घेऊन. ती कातर चालवत राहिली.

"फणी मागितली म्हणून दिली," तो म्हणाला. "मग म्हणाले, उभा राहा तिथे, दोन वाक्यं बोल. मी राहिलो."

"का?"

"शाळेत हसायचे गं आपल्याला. आईवर हसायचे. तीच माणसं तिथे... म्हणजे ती नसतील, त्यांची पोरं असतील... आईचं ऐकून पांढरीफटक पडायची. कुणी हसत नव्हतं. एकही जण हसत नव्हता."

टेलरबाईची कातर थांबली. त्याच्या बाकावर कुणी बसत नसे, हे तिला आठवलं. त्याची कीव आली तिला. आणि तरी राग तसूभर कमी झाला नाही.

"आई विकलीस ती विकलीस," ती म्हणाली, "निदान खरी तरी विकायचीस."

तो डोळे पुसत गेला. शुक्रवारी तो पुन्हा फेरीला उभा राहिला नाही, असं तिच्या कानावर आलं. त्याच्या जागी नवऱ्याने एक निवृत्त पोस्टमन उभा केला, तो म्हणे दादापेक्षा चांगला खोकतो. मुलीच्या जागीही कुणी बाई ठेवली आहे. ती ठरलेल्या वेळी घोळक्यातून पुढे येते आणि म्हणते, ती माझी आई आहे. इस्पितळाची बंद इमारत ज्यांच्या ताब्यात होती त्या अधिकाऱ्यांकडेही टेलरबाई जाऊन आली. ते म्हणाले, फेरीत इमारतीचं नाव घेत नाहीत, रस्ता सार्वजनिक आहे, आम्ही काय करणार?

नवरा दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा घरी चल म्हणाला. दुसऱ्यांदा कोटाचं अस्तर फाटलं होतं. तिने अस्तर दुसरीकडून घालून घ्यायला सांगितलं.

फणी तिने मशीनच्या खणात ठेवली होती. मग एकदा तिने ती गरम पाण्यात धुतली, किती हातांतून फिरली होती कोण जाणे, आणि त्याच फणीने रोज स्वतःची वेणी घालू लागली. तुटलेल्या दातांपाशी केस अडकायचे. ती हळू हळू सोडवायची.

एक दिवस एक तरुण बाई स्कर्ट घेऊन आली. टेलरबाई गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून, तिची कंबर मोजत होती. बाई मान वाकवून तिच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हीच ना त्या?" ती एकदम म्हणाली. "भूतमामांच्या फेरीतली मुलगी! मी पहिल्या रात्री होते तिथे. आता दुसरी कुणीतरी असते, तिला ते जमत नाही. तुम्ही काय काम केलंत हो! मला तर क्षणभर खरंच वाटलं."

टेलरबाईने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि तळहातावर ठेवल्या. बाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती.

"कंबर सैल ठेवू," टेलरबाईने विचारलं, "की घट्ट?"