तटाचे रक्त आणि निळीची पुडी

बुवांनी हात उंचावला आणि समुद्र अडवायला शिपायांनी दोनशे वर्षांपूर्वी रचलेल्या मातीच्या तटातून लाल पाणी पाझरू लागले. गर्दीने लोटांगण घातले.

"हे शिपायांचं रक्त! एक चिमूट तापाला, दोन पापाला, संशयखोराला मूठभर!" बुवा गरजले.

मोठ्या भरतीआधी तटावर घरटी एक टोपली माती टाकायची जुनी रीत. यंदा टोपल्या उलट्या दिशेने निघाल्या होत्या. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना हे बघवेना. कारण पदरात माती भरणाऱ्यांत त्यांची धाकटी बहीण होती, आणि तिचे घर ऐन तटाच्या पायथ्याशी, भरतीच्या पातळीखाली.

"अगं, ज्या मातीनं घर राखलं तीच खरवडतेस?"

"ताई, तुझे नकाशे ठेव कपाटात. नातवाचा ताप उतरला."

"डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला."

"मग गोळ्या मातीत कालवूनच दिल्या ना!"

तटाचा जुना नकाशा बाईंना तोंडपाठ होता. तट बांधणाऱ्यांनी पावसाचे पाणी बाहेर काढायला त्याच्या पोटातून मोरी नेली होती. मोरीच्या समुद्राकडच्या तोंडाशी भरती अडवणारी लोखंडी झडप. ती गंजून फाटली होती. भरतीचे पाणी आत शिरे आणि गंज घेऊन अलीकडे पाझरे. बुवांचा चमत्कार भरतीसारखाच रोज पाऊण तास उशिरा का होतो, हे निदान मासेमारांना तरी उमगायला हवे होते!

दुसऱ्या दिवशी पाणी चढू लागताच बाईंनी मोरीत कपड्यांच्या निळीची अख्खी पुडी रिकामी केली. घटकाभराने बुवांनी हात उंचावला. तटातून जांभळे पाणी आले.

"शिपाई शाई पीत होते काय हो, बुवा?" एक मासेमार ओरडला.

बाईंनी पुडी दाखवली, मोरी दाखवली. संध्याकाळपर्यंत बुवा पसार.

टोपल्या मात्र थांबल्या नाहीत. "बुवा खोटे असतील, माती खरी आहे," बहीण म्हणाली.

वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीला तट फुटला. नातवाला छपरावरून उतरवले, घर गेले.

चिखलात बसलेली बहीण म्हणाली, "तू नीळ टाकलीस, म्हणून शिपाई कोपले."

बाईंनी तिला हात धरून उठवले.

"कोणी कोपलं नाही गं. त्यांनी टोपलीटोपलीनं रचलं, आपण चिमटीचिमटीनं नेलं. हात जोडायच्या आधी पाणी कुठून येतं ते बघायचं होतं. त्याला निळीची एक पुडी पुरते."