वाहिदभाईच्या नावावरचा नंबर

मंगळवारी दुपारी बाबांच्या फोनवर मेसेज आला, तेव्हा सुरभी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होती. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. पण आकडे पुसट झालेल्या बटणांचा त्यांचा तो फोन ती रोज चार्ज करायची आणि स्वतःच्या फोनसोबत पर्समध्ये बाळगायची. मेसेज तिने दोनदा वाचला. ग्राहकाच्या विनंतीवरून हा नंबर शुक्रवारी बंद करण्यात येईल.

ग्राहकाच्या विनंतीवरून! ग्राहकाला तर यवतमाळच्या दवाखान्यातून गावी नेताना तिने स्वतः चादर पांघरवली होती. हातातलं पुस्तक तिने भलत्याच खणात ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

गेलेल्या माणसाचा नंबर बंद झाला तर बिघडलं काय, असं कुणीही म्हटलं असतं. पण सुरभीच्या आईला, भागीरथाबाईला, जगात एवढा एकच नंबर येत होता. अक्षरओळख तिला नव्हती. बाबा एसटीत कंडक्टर; बायको माहेरी, लग्नाकार्याला एकटी जायची, म्हणून त्यांनी तो नंबर तिच्याकडून घोकून घेतला होता. चार आकडे, मग श्वास, तीन आकडे, मग श्वास, शेवटी सात-शून्य-चार. शून्याला ती जुन्या वळणाने पूज्य म्हणायची. "हे दहा आकडे म्हणजे तुहं तिकीट," बाबा सांगायचे, "हे जवळ असलं तं तुले कोणी कुठंच उतरवून देत नाही."

दिवाळीनंतर, गावी एकटी राहणारी आई बोरी अरबच्या फाट्यावरून यवतमाळला डोळ्यांच्या औषधासाठी निघाली आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसून दारव्ह्याला पोचली. स्टँडवर तिला आठवेना की कुठे जायचं होतं आणि कशाला. एका चहावाल्याजवळ जाऊन तिने दहा आकडे म्हणून दाखवले. सुरभीच्या पर्समध्ये बाबांचा फोन वाजला. असं आजवर दोनदा झालं होतं. सुरभीने स्वतःचा नंबर शिकवून पाहिला, महिनाभर पाहिला. ते आकडे आईच्या डोक्यात रुजतच नव्हते. चिठ्ठी लिहून तिच्या बटव्यात ठेवली, तर तिने ती कचरा समजून चुलीत टाकली. आणि यवतमाळला राहायला ये म्हटलं की तिचं एकच उत्तर, "वर्षश्राद्ध होऊ दे."

बुधवारी सुरभी कंपनीच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीच्या गळ्यात वैष्णवी नावाचं कार्ड होतं. तिने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, हा तुमच्या वडिलांच्या नावावर नाहीच आहे."

"असं कसं? सतरा-अठरा वर्षं त्यांच्याकडे होता."

"वापरत असतील. नाव दुसऱ्याचं आहे. शेख वाहिद शेख करीम. त्यांनीच नंबर नको म्हणून कळवलंय. ते स्वतः आले तर तुमच्या नावावर करता येईल. पण शुक्रवारच्या आत. एकदा बंद झाला की मग माझ्या हातात काही नाही."

शेख वाहिद म्हणजे वाहिदभाई. बोरीच्या फाट्यावर मोटारसायकली दुरुस्त करणारे.

गुरुवारी पहिल्या गाडीने ती बोरीला उतरली. आईला एकटी ठेवण्यापेक्षा सोबत घेतलेलं बरं, म्हणून तिला घेऊनच फाट्यावर आली. वाहिदभाई एका स्कूटरचा कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासत होते. साठीचा माणूस, मेंदीने रंगवलेली दाढी. त्यांनी आईला बाहेरचा स्टूल दिला, चहा मागवला.

"वाहिदभाई, बाबांचा नंबर तुमच्या नावावर आहे?"

"हाये ना. म्हणजे होता." ते हसले. "तुले कोनं सांगितलं? तुह्या बापाची, घनश्यामभाऊची गाडी इथं दहा मिनिटं थांबली होती. म्हणे वाहिद, मले सिम दे. तवा मी सिम बी इकत होतो. म्हटलं कागद द्या. म्हणे कागद घरी हाये, ड्युटी सोडून जाऊ काय? गाडीतले लोकं खिडकीतून बोंबलून राह्यले. मंग टाकलं माह्याच नावावर. असे एक नाही, चौदा निघाले. चौदा! अन् माह्या खिशात एक, तोबी नुजहतच वापरते."

आतल्या टेबलावर हिशेबाची वही घेऊन बसलेली त्यांची मुलगी नुजहत म्हणाली, "अब्बा, खोटं नका बोलू. चार्जिंग मी करते, वापरता तुम्ही."

"आता नियम आला," वाहिदभाई सांगू लागले. "एका मानसाच्या नावावर नऊच. नुजहतनं यादी काढून देल्ली. मी एकेकाले फोन लावला. जिते होते त्याईले इचारलं. गेलेल्याईले काय इचारू, ताई? पाच जनं गेलेले. त्याईच्यापुढं 'नको' दाबलं. बरोबर नऊ उरले. म्हटलं, अल्लानंच जमवून देल्लं."

एरवी सुरभी हसली असती. "मला तो हवा आहे," ती म्हणाली. "माझ्या नावावर करून द्या. आत्ताच्या गाडीने यवतमाळला चला, दुपारपर्यंत परत याल."

वाहिदभाईंनी ब्रश खाली ठेवला. हात पुसायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला.

"नाही ताई. सिमच्या कागदावर आता माही सही होत नाही. या चौदातल्याच एका नंबरवरून कोनंतरी नागपूरच्या मानसाले फसवलं. मले ठान्यात बसवलं, सकाळपासून दिवे लागेलोक. मी काय केलतं? मी कारबेटर साफ करून राह्यलो होतो. घरी आलो तं बायको, खैरुन, दारात रडत. तवापासून कानाले खडा."

"पण याने तुमच्या नावावरचा एक नंबर कमी होणार आहे. वाढणार नाही."

"तो तसाबी उद्या कमी होते. आपोआप. ना सही, ना अंगठा, ना फोटो."

या बोलण्यात चूक काढायला जागाच नव्हती. सुरभीने तरी काढून पाहिली. जाण्या-येण्याचं मी बघते म्हणाली. यापुढची सगळी जबाबदारी माझी, असं कागदावर लिहून देते म्हणाली. वाहिदभाई मान हलवत राहिले. नकार देणाऱ्या माणसाने समोरच्याचा मान ठेवावा, तशी. मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"समजते मले. माया असते. त्याचे फोटो पाह्यजे असन, आवाज पाह्यजे असन, तं नुजहत काढून देईन कार्डावर. पन ताई, नंबर म्हणजे मानूस नाही होत."

सुरभीचे कान गरम झाले. पाच महिन्यांत तिने कुणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, आणि आता या माणसाला वाटत होतं की ती बाबांसाठी फोन कवटाळून बसली आहे. तसं वाटू द्यावं आणि निघून जावं, असा एक विचार आला. आईचं काय होतंय हे तिने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा सांगितलं की लोक आईशी हळू, मोठ्याने आणि सोपं बोलू लागतील, जसं लहान मुलाशी बोलतात. ते तिला नको होतं. बाहेर स्टुलावर आई बशीत चहा ओतून फुंकर मारत होती.

सुरभी आत, टायर टांगलेल्या कोपऱ्यात सरकली. "वाहिदभाई, आईला दुसरा नंबर येत नाही."

"भाभीले? भाभीले तं सगळ्या गावच्या सोयरिकी तोंडपाठ."

"होत्या," सुरभी म्हणाली. मग तिने दारव्ह्याचं सांगितलं. चहावाल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी आई दोन तास एका अनोळखी बाईच्या ओट्यावर बसून होती, तेही सांगितलं. आवाज शक्य तितका खाली ठेवून, फार शब्द न वापरता. "तिला वाट सापडत नाही तेव्हा ती तेवढे दहा आकडे म्हणते. ते तेवढेच उरलेत. उद्यापासून तिने म्हटले तर समोरून कुणी उचलणार नाही."

वाहिदभाईंनी बाहेर पाहिलं, मग खाली. त्यांनी अंगठ्याने एका टायरची खाच चाचपली.

"नुजहत," ते ओरडले, "माहा कुडता दे तो धुतलेला. अन् आधार कार्ड." मग सुरभीला, जरा रागावूनच, "हे आधी नाही सांगत काय? मी नालायक, उगाच भाव खाऊन राह्यलो. पन कागद तो लिहून दे मात्र. खैरुनले दाखवा लागन."

नुजहतने वहीतलं पान फाडून दिलं. सुरभीने चार ओळी लिहून सही केली. वाहिदभाईंनी न वाचता घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली.

यवतमाळच्या दुकानात गर्दी होती. वैष्णवीने वाहिदभाईंचा अंगठा यंत्रावर ठेवून घेतला; ग्रीसने झिजलेला तो अंगठा तीनदा उमटला नाही. प्रत्येक वेळी लाल दिवा लागला. वैष्णवीने ओल्या रुमालाने पुसून चौथ्यांदा ठेवला, तेव्हा कुठे हिरवा लागला. मग तिने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला.

"काका, जरा डोळे मिचकवा. जिवंत फोटो लागतो."

"आता या वयात कोनाले डोळा मारू?"

"मलाच मारा, पण लवकर. लाइन मोठी आहे."

मागच्या रांगेतले दोघे हसले. आईही हसली. बाबांच्या फोनवर पडताळणीचे आकडे आले, ते सुरभीने वाचून दाखवले. नव्या सिमचं पाकीट काउंटरवर आलं.

"नंबर एकदा कन्फर्म करा मॅडम," वैष्णवी म्हणाली.

सुरभी तोंड उघडणार, तोच मागच्या खुर्चीवरून आईने सुरुवात केली. चार आकडे. श्वास. तीन आकडे. श्वास.

आणि थांबली.

सुरभीच्या ओठांवर सात आला होता. तिने ओठ मिटून घेतले. वाहिदभाई चपलांकडे पाहू लागले. वैष्णवीची बोटं कळांवर तशीच. आईने डोळे मिटले, उजव्या हाताचा अंगठा गुडघ्यावर ठेवला आणि लुगड्यावरच बटणं दाबल्यासारखा हलवला: डावीकडे, मग खाली मधे, मग पुन्हा डावीकडे, जरा वर.

"सात, पूज्य, चार," ती म्हणाली.

"बरोबर," वैष्णवी म्हणाली. तिला यात काही विशेष वाटलं नाही. "आता प्लॅन. मॅडम, तुम्ही पोस्टपेड का नाही घेत? तुमचाही नंबर त्यातच येईल, इंटरनेट भरपूर, सिनेमे फुकट—"

"पोरी," वाहिदभाई मध्ये पडले, "या फोनले बटनं हायेत. याच्यावर सिनेमा काय कानानं पाहन? सायकल घ्याले आलेल्या मानसाले ट्रॅक्टर नको दाखवू. नुसता चालू राह्यला पाह्यजे, असा सांग."

"मग साधा रिचार्ज. अठ्ठावीस दिवस, चौऱ्याऐंशी दिवस, नाहीतर वर्षाचा. वर्षाचा स्वस्त पडतो."

"स्वस्त पडतो तं त्याच्यात एखादा महिना वरून टाक. गिऱ्हाईक नवीन हाये."

"काका, ते कंपनी ठरवते."

"मंग कंपनीले फोन लाव. मी बोलतो."

ती दोघं घासाघीस करत होती आणि सुरभी काचेखालचा तक्ता पाहत होती. अठ्ठावीस. चौऱ्याऐंशी. तीनशे पासष्ट. आकडे तिच्याकडे पाहत होते. आत्ता गुडघ्यावर जो अंगठा चालला, तो चौऱ्याऐंशी दिवसांनी चालेल का? वर्षाचा घेणं म्हणजे खोटी आशा, अठ्ठावीसचा घेणं म्हणजे आईच्या तोंडावर निकाल वाचून दाखवणं. मधलंच बरं. ती वैष्णवीला तसं सांगायला वळली.

"वर्साचा घे," आई म्हणाली.

"आई, चौऱ्याऐंशीचा पुरेल. मग पुन्हा टाकू."

"वर्साचा घे म्हटलं ना. तवरिक ध्यानात ठेवतो मी."

सुरभीने वाहिदभाईंकडे पाहिलं. ते खिशातल्या घडीवर हात ठेवून उभे होते. बोरीच्या दुकानाबाहेरचा आईचा स्टूल टायरांच्या कोपऱ्यापासून किती जवळ होता, ते दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं असावं.  सुरभीने वर्षाचा घेतला.

"नंबर संध्याकाळपर्यंत बंद राहील," सिम बदलून देताना वैष्णवी म्हणाली. "मग आपोआप सुरू होईल."

संध्याकाळपर्यंत. दुकानापासून स्टँडपर्यंत, स्टँडच्या गर्दीतून, गाडीच्या पायरीपर्यंत सुरभीने आईचं मनगट सोडलं नाही.

"मी का बकरी हाओ? दावं बांध मंग सरळ."

"गर्दी आहे आई."

"तुह्या बापाची गाडी याहून भरून राहे."

दिवेलागणीला दोघी बोरीच्या घरी बसल्या. आई खाटेवर, एरवी घरातच पडून असणारा तिचा बटणांचा फोन घेऊन, सुरभी दाराजवळ बाबांचा फोन मांडीवर ठेवून. आईने लावला. कानाशी धरला. "बंद हाये म्हणते बाई." पाच मिनिटांनी पुन्हा. बंद. तिसऱ्या वेळी सुरभीला राहवेना. सिम सुरू झालं नाही, की आईचा अंगठाच चुकतोय? मांडीवरचा फोन दाराजवळ टेकवून, हळूच मागे जाऊन तिने आईच्या फोनच्या पडद्यावर पाहिलं. दहाच्या दहा आकडे बरोबर होते. बंद नंबर, पण बरोबर नंबर. सुरभी भिंतीला टेकली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला पुरता श्वास घेता आला.

आईने चौथ्यांदा लावला. दाराजवळ टेकवलेला फोन थरथरला आणि वाजू लागला, बाबांनीच लावून ठेवलेल्या त्या जुन्या, कर्कश ट्रिंगट्रिंगमध्ये. सुरभीने धावत जाऊन उचलला.

"हॅलो."

आई खोलीच्या त्या टोकाला, पाठमोरी, फोन कानाशी घट्ट दाबून बसली होती.

"कोन बोलून राह्यलं?"

"मी. सुरभी."

"हं," आई म्हणाली. "मंग बरोबर लागला."