गजूभाऊचा बॅकअप

अमरावतीच्या विद्यापीठात ऑनलाइन वर्ग अडला की लोक देवाच्या आधी गजेंद्र ढोलेचं नाव घेत. बाहेरच्या कंपनीच्या ॲपवर मीटिंग मध्येच तुटायची, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानेच संगणक केंद्रातल्या सर्व्हरवर ओपन सोर्सची, म्हणजे आतलं सगळं आपल्याला बदलता येईल अशी, मीटिंग उभी केली होती. विद्यापीठाची स्वतःची, कुणाची मिनतवारी नाही.

फक्त एक भानगड होती. आत शिरताना यंत्र इंग्रजीत विचारायचं, माइक हवा की नुसतं ऐकायचं? आमचे अर्धे प्राध्यापक घाईघाईत 'नुसतं ऐकायचं'वर बोट ठेवत आणि मग तासभर घसा कोरडा करत. शब्द कुणाला ऐकू जाईल तर शपथ. मग फोन. "गजूभाऊ, माहा आवाज नाही जाऊन राह्यला!" दिवसाला तीस-चाळीस. "एक घास सुखानं खाऊ देत नाहीत," असं बायकोला, वच्छलाला सांगत तो भाकरी मात्र एक जास्तच खायचा.

मग प्रणाली मॅडम आल्या. अकोल्याच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. "भाऊ, या स्क्रीनवरच्या पाट्या आपल्या बोलीत नाई करता येत का?" ओपन सोर्स म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आठ शनिवार त्या अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला उतरल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि बाराशे ओळी सर्व्हरवरच बदलल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉपी घ्यायला पेन ड्राइव्ह काढला, तेव्हा गजेंद्रला राग आला होता.

"कॉपी कायले पाह्यजे मॅडम? मी रोज बॅकअप घेतो. माया मशीनीतून आजलोक सुई हरवली नाई."

त्यांनी पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवून दिला.

आता आत शिरताना यंत्र विचारू लागलं, 'बोलाचं हाये' की 'फक्त आयकाचं हाये'? अंजनगावपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांची बोटं आपोआप नीट पडू लागली. पोरं पाट्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवू लागली. कुलगुरूंनी मॅडमना शाल-श्रीफळ दिलं. त्या कार्यक्रमात गजेंद्र कोपऱ्यात उभा राहून माइकची वायर धरत होता.

आणि त्याचा फोन गप्प झाला. एकदा तर त्याने ऑफिसच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावून पाहिला. वाजत होता. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता, लोकांना तो नकोसा झाला होता. चार वर्षं यंत्र मी सांभाळलं आणि नाव झालं पाट्या लिहिणाऱ्या बाईचं, या विचाराने तो आतून जळत होता. जळत होता हाच शब्द खरा, त्याला उगीच मऊ कशाला करायचं?

जानेवारीत मीटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नवी आवृत्ती चढवली की आपण बदललेल्या फायली पुसल्या जातात. त्या आधी बाजूला काढायच्या आणि नंतर परत ठेवायच्या. गजेंद्रने हे पाच वेळा बिनचूक केलेलं. रविवारी दुपारी त्याने आवृत्ती चढवली, मॅडमची फाइल परत ठेवली नाही, आणि 'विसरलो' असं स्वतःला सांगून चहाला गेला. विसरला बिसरला काही नव्हता.

सोमवारी नऊ वाजल्यापासून फोन घणघणू लागला. "गजूभाऊ, हे इंग्रजी काहून आलं परत?" "गजूभाऊ, पोट्टे म्हंतेत आवाज नाई!" अकरापर्यंत तेवीस फोन. प्रत्येकाला तो इतक्या प्रेमाने समजावत होता की पलीकडची माणसं बुचकळ्यात पडली.

चोविसावा फोन अकोल्याहून आला.

"भाऊ, माही फाइल गेली वाटते. पण मले चिंता नाई, तुमच्या बॅकअपमंधी असीनच."

होती. रविवारआधीच्या साठ दिवसांच्या साठही बॅकअपमध्ये होती. परत ठेवायला दोन मिनिटं लागली असती, आणि मग फोन पुन्हा गप्प.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "तेवढ्या फाइलचा बॅकअप नव्हता झाला."

त्या म्हणाल्या, "होते भाऊ. कोनाचंबी होते. तुमी मनाले लावून घेऊ नका. मी बसते पुन्हा आठ शनिवार. पन कुलसचिवांले सांगते, बॅकअप अकोल्यालेबी ठेवू. तुमच्या एकट्यावर भार नको."

टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हताच.

दुपारी तीनला कुलसचिवांचं पत्र आलं. जुने सगळे बॅकअप संध्याकाळपर्यंत अकोल्याला पाठवा. गजेंद्रने ते दोनदा वाचलं. साठ बॅकअप अकोल्यात उघडले की साठ वेळा त्याचं खोटं उघडं पडणार होतं. खरं सांगायला अजून वेळ होता. त्याने फोन हातात घेतला, नंबरही काढला, आणि त्या कार्यक्रमातल्या शालीतल्या मॅडम डोळ्यापुढे आल्या. फोन खाली ठेवून तो एकेक बॅकअप उघडू लागला. उघडायचा, फाइल शोधायची, पुसायची. पाचला साठावी पुसली. त्याच्या मशीनीतून काही हरवण्याची ही पहिलीच वेळ.

सव्वापाचला मॅडमचाच फोन आला.

"भाऊ, लिहाले बसली. पह्यल्याच ओळीवर अडली. सर यायच्या आंधी पोरायले जे दिसे, ते काय लिवलं होतं आपन?"

"थांबा थोडं," तो म्हणाला, "सर येऊनच राह्यले." त्याला बाराशेच्या बाराशे ओळी पाठ होत्या.

"बराबर!" मॅडम खुशीने म्हणाल्या. "यंत्र गेलं खड्ड्यात. तुमी हाये म्हनून हे सारं चालून राह्यलं, भाऊ. उद्या कुलगुरूंले मी हेच सांगनार हाये."

चार महिने हेच एक वाक्य कुणाकडून तरी ऐकायला तो तडफडत होता. आता ते ऐकताना त्याला फोन कानाशी धरवेना.