मानेवर पट्टा नव्हता

साप धरायची बाभळीची काठी, टोकाला तारेचा आकडा.

उज्जैनजवळ भैरवगढला, कापडावर ठसे छापणाऱ्या छापेवाल्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी.

१ नोव्हेंबर १९५६पासून मध्यभारत राज्य नाही. आमचं ऑफिस उज्जैनहून भोपाळला.

कवड्या सापाला विष नसतं.

"लोक बदलीला भांडी नेतात, तुम्ही सापाच्या काती," बायको, सुलभा.

उज्जैनला दर रविवारी मी साप शोधायला जायचो. धरायचा, मापायचा, वहीत लिहायचा, सोडायचा. गोपाळ छापेवाल्याच्या भिंतीत एक कवड्या निघाला. गोपाळ लाठी घेऊन उभा. मी म्हटलं, "सफेद पट्टेवाला मारना मत. छिपकली खाता है, बस."

त्याने ऐकलं. तिथे माझं सगळे ऐकायचे.

नऊ तारखेला, शुक्रवारी, त्याचं कार्ड आलं.

"प्रभाकर भाऊसाब, आपका साँप बड़ा हो गया. अब चमकीला काला है. गर्दन पर पट्टा नहीं, पीछे दो-दो पतली धारियाँ. कपड़े के थानों के नीचे रहता है, वहीं अहल्या सोती है. हमने मारा नहीं."

अहल्या त्याची मुलगी. नऊ वर्षांची.

कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात. मान कोरी आणि मागे जोडीजोडीने रेघा, ती मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, त्याला जागही येत नाही. गोपाळचा कवड्या मोठा झाला नव्हता. हा दुसराच साप होता.

कार्डावर तारीख पाच.

तार केली: साँप ज़हरीला, अहल्या को खाट पर सुलाओ.

"कब पहुँचेगी?"

"उज्जैन तो आज," तारबाबू म्हणाला. "भैरवगढ, जब आदमी जाएगा."

रजा मागितली. नवे साहेब म्हणाले, "किसका साँप है?"

"किसी का नहीं, साब."

"फिर?"

नव्या राज्यात कुणाला सामावून घ्यायचं, याची यादी चालू होती. रविवारीसुद्धा हजेरी. गैरहजर माणसाचं नाव शेवटी. मी खुर्चीत बसून राहिलो.

"अहो, दोन घास खा."

"पाच तारखेचं कार्ड आहे."

"चारदा दाखवलंत."

शनिवारी उत्तर नाही. रविवारी नाही. सोमवारी पोस्टमन आमच्या दारावरून पुढे गेला. मी वही उघडली. गोपाळच्या भिंतीचं पान सापडलं. मापं बरोबर होती.

१९५५च्या मार्चमध्ये अहल्येने पहिल्यांदा साप हातात धरला. तो तिच्या हातात मी दिला होता.