मेंढरांचा वास

दुष्काळाचा उन्हाळा होता आणि कॉलनीत आठवड्याला एकच टँकर यायचा. पाणी सगळ्यांना नंबरानं मिळावं, एवढंच रत्नमालानं कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. त्यावर कॉलनीतलाच, मूळचा फुलंब्रीचा सोमनाथ बरळला, "धनगरांना पाणी कशाला? अंगाचा मेंढरांचा वास आंघोळीनं थोडाच जातो." खाली शिकल्यासवरल्या शेजाऱ्यांनी हसरे चेहरे टाकले.

रत्नमालाचं डोकं तापलं, पण शिव्या देऊन तोंड विटाळायची तिला गरज नव्हती. तिचे वडील सूर्यभान मेंढरं घेऊन गावोगाव फिरत. त्यांच्याकडं साधा फोन, म्हणून त्यांचे निरोप तिच्याच मोबाईलवर येत. सकाळीच सोमनाथच्या वडिलांचा, कडूबांचा, आवाजी निरोप आला होता. तो तिनं जसाच्या तसा ग्रुपवर टाकला.

"सूर्यभान, पेरणीआधी मेंढरं आमच्याच वावरात बसव, बाबा. लेंडीखताबिगर आमचं काय पिकत नाय. दोन राती जास्त मुक्काम कर, लागंल तेवढी ज्वारी देतो."

दहा वर्षं वावरात पाय न ठेवलेल्या सोमनाथला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं घाईघाईनं आपला मेसेज पुसला. तोवर रत्नमालानं खाली लिहिलं होतं, "याच वासावर तुमचं वावर पिकतंय, सोमनाथभाऊ. आजपासून नाक दाबून जेवत जा."